किंग्स्टन व्हॅल्यूरॅम ८ जीबी: सोलापुरातल्या हँग होणाऱ्या लॅपटॉपला कधी घ्यावी, कधी नको

साधारण २०१८ ते २०२२ या काळात घेतलेला, ४ जीबी रॅमचा लॅपटॉप हल्ली हँग होत असेल आणि त्यात डीडीआर४ या पिढीच्या रॅमची जागा असेल, तर किंग्स्टनची व्हॅल्यूरॅम ही डोळे झाकून सुचवावी अशी पट्टी आहे. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण का कापला ते पुढे सांगतो. पण ही पट्टी ज्यांनी अजिबात घेऊ नये अशी माणसंही बरीच आहेत. सोलापुरात दुरुस्तीला येणारा प्रत्येक मंद लॅपटॉप काही रॅमअभावी मंद नसतो. कुणाच्या डिस्कने मान टाकलेली असते, तर कुणाच्या पंख्यात तूस अडकलेलं असतं. अशा ठिकाणी रॅम टाकली की पैसे जातात आणि लॅपटॉप होता तिथेच राहतो.

आधी वस्तूची ओळख करून घेऊ. डब्यावर किंवा पट्टीच्या लेबलवर जो पार्ट नंबर हवा तो असा: केव्हीआर३२एस२२एस८/८. हा नंबर वाचता आला की दुकानात फसगत होत नाही. केव्हीआर म्हणजे व्हॅल्यूरॅम, ३२ म्हणजे ३२०० चा वेग, पुढचा एस म्हणजे लॅपटॉपची छोटी पट्टी, २२ हे तिचं टायमिंग (मागितलेली माहिती द्यायला ती किती ठोके घेते त्याचा आकडा) आणि शेवटचे ८ म्हणजे ८ जीबी. मधलं एस८ सगळ्यांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कोणी बघत नाही. एस८ म्हणजे पट्टीवर मेमरीच्या आठ चिप आहेत. याच कंपनीची, याच वेगाची, याच ८ जीबीची आणखी एक पट्टी बाजारात मिळते, तिच्या नंबरात त्या जागी एस६ असतं. तिच्यावर चारच चिप असतात. चार चिपवाल्या पट्टीत आतल्या बँकांचे, म्हणजे माहितीच्या कप्प्यांचे, गट आठ चिपवालीच्या निम्मेच असतात, त्यामुळे एकाच वेळी अनेक ठिकाणची माहिती मागितली की ती थोडी मागे पडते. टॅली आणि ब्राउझर चालवणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. ग्राफिक्सचं काम असेल तर जाणवू शकतो. दोन्ही सारख्याच भावात समोर आल्या तर एस८ उचला, आणि दुकानदार 'एकच आहे हो' म्हणाला तरी लेबल बघा.

डेस्कटॉपवाल्यांनी हीच पट्टी मागू नये. लॅपटॉपच्या डीडीआर४ पट्टीला २६० पिना असतात, डेस्कटॉपच्या पट्टीला २८८, आणि ती लांबही असते. डेस्कटॉपसाठी नंबरात एस२२ ऐवजी एन२२ येतं: केव्हीआर३२एन२२एस८/८. चादरी-टॉवेलच्या कारखान्यांत डिझाइनचं काम डेस्कटॉपवर चालतं, तिथे ही चूक हमखास होते.

पट्टी साधी आहे. वर धातूचं कवच नाही, दिवे नाहीत, आणि लॅपटॉपच्या आत ते नसलेलंच बरं. १.२ व्होल्टवर चालते, वेग आपोआप ठरतो, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, काही करावं लागत नाही. किंग्स्टन कंपनी १९८७ सालापासून रॅमच्याच धंद्यात आहे, पण चिप ती स्वतः बनवत नाही. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन यांच्यासारख्यांकडून घेऊन पट्टी तयार करते. त्यामुळे पार्ट नंबर तोच असला तरी या खेपेला एका कंपनीची चिप निघते, पुढच्या खेपेला दुसऱ्या. जाहीर केलेला वेग आणि टायमिंग मिळतंच, पण सहा महिन्यांनी जोडीला दुसरी पट्टी घेतली तर ती आतून हुबेहूब असेल याची खात्री नाही. अर्धा गुण कापला तो इथे. दोन पट्ट्या लागणार हे आधीच ठरलं असेल तर दोन्ही एकाच वेळी घ्या.

घेण्याआधी पाच मिनिटं मोजा

विंडोज १० किंवा ११ मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. पण लॅपटॉप नुकता चालू केलेला असताना हे करू नका. रोजचं काम अगदी भरात असताना करा, म्हणजे टॅली उघडी आहे, एक्सेलच्या दोन-तीन शीट आहेत, क्रोममध्ये जीएसटीचं पोर्टल, मेल आणि व्हॉट्सॲप वेब आहे, अशा वेळी. परफॉर्मन्सच्या पानावर मेमरीवर टिचकी मारा.

बहुतेक लोक इथे टक्केवारी बघतात आणि ८५ टक्के दिसलं की घाबरतात. टक्केवारीवरून निर्णय घेऊ नका. तिच्यात आत्ता रॅम किती वापरात आहे एवढंच दिसतं, डिस्कवर ढकललेला भार दिसत नाही. बघायचा आकडा आहे 'कमिटेड'. तो असा दिसतो: ७.४/९.१. यातला पहिला आकडा म्हणजे सगळ्या चालू प्रोग्रॅमनी मिळून मागितलेली जागा, दुसरा म्हणजे रॅम आणि डिस्कवरची पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज जिचा आधार घेते ती फाइल) मिळून देता येण्याजोगी कमाल जागा. रॅम ४ जीबी आणि कमिटेड ७.४ असेल, तर मागणी रॅमपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि वरचा भार डिस्कवर पडतोय. अशा लॅपटॉपला ८ जीबी जेमतेम पुरेल, १२ झाली तर मोकळं वाटेल. उलट रॅम ८ जीबी आणि भर कामातही कमिटेड ५.५ असेल, तर रॅम वाढवून काही मिळणार नाही. मंदपणाचं कारण दुसरीकडे शोधा.

याच पानावर खाली 'रिसोर्स मॉनिटर' उघडायची सोय असते. विंडोज ११ मध्ये ती वरच्या तीन ठिपक्यांत लपलेली आहे. तिथे मेमरीच्या पानावर 'हार्ड फॉल्ट्स' हा आलेख बघा. प्रोग्रॅमला हवी ती माहिती रॅममध्ये सापडली नाही आणि डिस्कवरून आणावी लागली, की एक हार्ड फॉल्ट होतो. एखादा प्रोग्रॅम उघडताना आलेख उसळून खाली आला तर ते स्वाभाविक आहे. पण एका खिडकीतून दुसरीत जाताना दर वेळी तो सेकंदाला शेकड्यांत जात असेल आणि तिथेच रेंगाळत असेल, तर रॅम कमी पडते हे नक्की. आणखी पुरावा हवा असेल तर डिस्कच्या पानावर पेजफाइल डॉट सिस या फाइलची वाचन-लेखनाची गती बघा. तीच यादीत सगळ्यांत वर बसलेली असेल तर शंका उरत नाही.

या एका गोष्टीने लॅपटॉप इतका का गळपटतो? रॅममधून माहिती यायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या हार्डडिस्कला एखादी विखुरलेली माहिती शोधायला दहा मिलिसेकंदांहून जास्त लागतात. फरक लाखपटीचा आहे. असे शेकडो फॉल्ट लागोपाठ झाले की माउसचा बाणसुद्धा थांबतो आणि आपण म्हणतो, हँग झाला.

मोजून झालं की खर्च करण्याआधी जे फुकटात होतं ते करून घ्या. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपच्या पानावर जाऊन लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणारी नको ती ॲप बंद करा. लॅपटॉपसोबत आलेला, मुदत संपलेला अँटीव्हायरस काढून टाका, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरेसा आहे. दोन अँटीव्हायरस एकत्र चालू असणं हा तर ४ जीबीच्या लॅपटॉपवरचा अत्याचार आहे. क्रोमच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी सेव्हर चालू करा. क्रोममध्येच शिफ्ट आणि एस्केप दाबलं की कुठला टॅब किती मेमरी खातो ते दिसतं, आणि एखादं एक्स्टेन्शनच पाव-अर्धा जीबी घेऊन बसलेलं सापडतं. आणि दिवसातून एकदा 'शटडाउन' नव्हे, 'रीस्टार्ट' करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनच्या वेळी विंडोज स्वतःचा गाभा डिस्कवर साठवून ठेवते आणि सकाळी तोच परत उचलते. एखाद्या ड्रायव्हरने मेमरी अडवून धरली असेल तर ती तशीच अडलेली राहते. रीस्टार्टने ती खरोखर सुटते.

रॅम साफ करून देतो म्हणणारी ॲप मात्र टाकू नका. ती चालू प्रोग्रॅमची माहिती जबरदस्तीने रॅमबाहेर ढकलतात. आकडा क्षणभर छान दिसतो, मग तीच माहिती पुन्हा आत आणायला लॅपटॉप आणखी मंद होतो.

जिथे ही पट्टी कामाची नाही

मेमरी निवांत आहे, पण डिस्क सतत १०० टक्के आणि रिस्पॉन्स टाइम शेकडो मिलिसेकंद, असं दिसलं तर दोष हार्डडिस्कचा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. त्यात 'कॉशन' दिसलं तर आधी डेटाचा बॅकअप घ्या, बाकी सगळं नंतर. अशा लॅपटॉपला एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, लागते, रॅम नाही. हार्डडिस्कही जुनी आणि रॅमही ४ जीबी असेल, आणि पैसे एकाच गोष्टीचे असतील, तर आधी एसएसडी टाका असं रॅमच्या परीक्षणातही सांगावं लागेल. एसएसडी टाकली की पेजफाइलकडे जाणं पूर्वीइतकं जीवघेणं राहत नाही, विंडोज लवकर सुरू होते आणि प्रत्येक प्रोग्रॅमला फरक पडतो. रॅम पुढच्या महिन्यात टाका. हाच क्रम उलटा केला तर एकदा उघडलेल्या खिडक्यांत काम सुरळीत चालेल, पण सकाळी विंडोज सुरू व्हायला लागणारी पाच मिनिटं तशीच राहतील.

दुसरं कारण खास आपल्या गावाचं आहे. पूर्व भागात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, जिथे यंत्रमाग चालतात आणि टॉवेल शिवले जातात, तिथल्या ऑफिसातल्या लॅपटॉपच्या पंख्यात कापसाचं तूस जाऊन बसतं. ते धुळीसारखं उडून जात नाही. पंख्याच्या तोंडाशी असलेल्या तांब्या-ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांवर त्याची नमद्यासारखी गादी तयार होते आणि हवा बाहेर पडतच नाही. त्यात एप्रिल-मेमध्ये बाहेरच पारा चाळिशीपार. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. याची खूण ओळखायला सोपी आहे: सकाळी पहिली वीस-पंचवीस मिनिटं लॅपटॉप नीट चालतो, मग मंदावतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर वेग २ गिगाहर्ट्झच्या वर असायला हवा तो एकच्याही खाली दिसतो, आणि मेमरी मात्र निम्मीच वापरात असते. इथे रॅम टाकणं व्यर्थ. पंखा उघडून तुसाची गादी काढणं आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी, वाळलेली थर्मल पेस्ट बदलणं हा इलाज आहे. कारखान्याच्या ऑफिसात हे दर सहा महिन्यांनी करावं, जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या घरातल्या लॅपटॉपला वर्ष-दीड वर्षाने चालेल. नुसता ब्लोअर बाहेरून मारला तर तूस आणखी आत दाबलं जातं, त्यामुळे उघडूनच साफ करायला सांगा.

आणि 'फॉरमॅट मारून देतो' याबद्दल. फॉरमॅटने लॅपटॉप पळतो हे खरं, कारण स्टार्टअपची सगळी ॲप गेलेली असतात. मग आपण तीच ॲप पुन्हा टाकतो, तेवढेच टॅब उघडतो, आणि महिन्याभरात कमिटेडचा आकडा होता तिथे येतो. ४ जीबीची कमतरता फॉरमॅटने भरून निघत नाही. शिवाय ऑफिसच्या मशीनवर फॉरमॅट म्हणजे मोठा उपद्व्याप. टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर न करता फॉरमॅट केलं की ते परत चालू करताना धावपळ होते. सेवा केंद्रात अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर सगळं नव्याने बसवावं लागतं. ऐन दाखल्यांच्या आणि प्रवेशांच्या दिवसांत त्यात एक अख्खा दिवस जातो. रॅम टाकायला अर्धा तास पुरतो आणि आतल्या एकाही फाइलला हात लागत नाही.

बसेल का?

टास्क मॅनेजरच्या त्याच मेमरीच्या पानावर उजवीकडे खाली तीन गोष्टी असतात: वेग, वापरलेले स्लॉट आणि फॉर्म फॅक्टर. फॉर्म फॅक्टरपुढे 'एसओडिम' असेल तर आतली रॅम काढता-घालता येते. तिथे 'रो ऑफ चिप्स' असेल तर निदान काही रॅम बोर्डावरच झाळलेली आहे. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमध्ये ४ जीबी झाळलेली आणि शेजारी एक रिकामा स्लॉट अशी रचना असते, तिथे ८ ची पट्टी टाकली की १२ जीबी होते आणि काम भागतं. पण अगदी पातळ लॅपटॉपमध्ये सगळीच रॅम झाळलेली असते, स्लॉटच नसतो. 'स्लॉट वापरले: २ पैकी १' या ओळीवर पूर्ण भरवसा ठेवू नका, झाळलेली रॅमही काही वेळा स्लॉट म्हणून मोजली जाते. लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून सर्व्हिस मॅन्युअल बघणं किंवा झाकण उघडून बघणं, हेच पक्कं.

डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. लॅपटॉपच्या पट्टीला अनुक्रमे २०४, २६० आणि २६२ पिना असतात आणि खाचही वेगळ्या जागी असते. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर आतली रॅम कुठली ते लगेच सांगतं. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीत घोळ आहे, त्या काळातले काही लॅपटॉप डीडीआर४ वर तर काही १.३५ व्होल्टच्या डीडीआर३एल वर आले. त्या पिढ्यांबद्दल आणखी एक विचार करा. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सातव्या पिढीच्या लॅपटॉपवर आज नवी रॅम घेण्याआधी तो लॅपटॉप अजून किती वर्षं ठेवायचा ते ठरवा.

वेग जुळत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. आय५-८२५०यू किंवा रायझन ५ ३५००यू हा प्रोसेसर असलेला लॅपटॉप २४०० पर्यंतच जातो, तिथे ही ३२०० ची पट्टी निमूट २४०० वर चालते. प्रतीक्षेचा वेळही जवळपास तोच राहतो, ३२०० वर २२ चं टायमिंग म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद, २४०० वर १७ चं म्हणजे सुमारे १४.२. आतली जुनी पट्टी २६६६ ची आणि नवी ३२०० ची असेल तर दोन्ही २६६६ वर चालतात.

४ अधिक ८ अशी विषम जोडी चालते का, हा प्रश्न हमखास येतो. चालते. इंटेलच्या मशीनवर दोन्हीकडचे चार-चार जीबी जोडीने, म्हणजे दुप्पट रुंदीने चालतात आणि उरलेले ४ एकेरी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये चित्र दाखवण्याचं कामही याच रॅममधून होतं, त्यामुळे एकाच्या जागी दोन पट्ट्या झाल्या की व्हिडिओ आणि डिझाइनच्या कामात जादा हुशारी येते. ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहते, दोन मिळून ५१.२. एक मोठी पट्टी की दोन छोट्या असा प्रश्न असेल आणि स्लॉट दोन असतील, तर दोन छोट्या.

विंडोज ३२-बिटची असेल तर मात्र थांबा. ती ४ जीबीच्या पुढे बघतच नाही, प्रत्यक्षात सव्वातीन-साडेतीनच वापरते. जुन्या ऑफिसांत अशी मशीन अजून आहेत. तिथे आधी ६४-बिटची विंडोज, मग रॅम.

बसवताना

लॅपटॉप बंद करताना शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर टिचकी मारा, म्हणजे तो पूर्ण बंद होतो. चार्जर काढा. खालचे स्क्रू काढताना कुठला कुठे होता ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात आवळला तर तो वरच्या बाजूने कीबोर्डजवळ फुगवटा आणतो. एक-दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, जुनं सिमकार्ड किंवा एटीएम कार्ड कडेने फिरवा. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीची पिन बोर्डावरून सोडवणं, मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरणं. घाईत हे टाळलं जातं आणि बोर्ड जातो तो इथेच. चार्जर काढलेला असला तरी बॅटरी जोडलेली असेल तर स्लॉटमध्ये वीज असते.

मार्च ते मे सोलापूरची हवा इतकी कोरडी असते की अंगावर स्थिर वीज साठते. पट्टीला हात लावण्याआधी एखाद्या उघड्या धातूला, लोखंडी खिडकीला किंवा कपाटाला हात लावा. पट्टी टॉवेलवर, सतरंजीवर ठेवू नका, तिच्या स्वतःच्या डब्यात राहू द्या. धरायची ती कडांनी, सोनेरी पट्ट्यांना बोट लागता कामा नये.

स्लॉटमध्ये तूस असेल तर मऊ, कोरड्या ब्रशने काढा. तोंडाने फुंकू नका, वाफ जाते. जुन्या पट्टीचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासायची आपल्याकडे सगळीकडे पद्धत आहे. ती सोडलेली बरी, सोन्याचा मुलामा पातळ असतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारं फडकं वापरा. पट्टीची खाच स्लॉटच्या दातासमोर आणा, साधारण ३० अंशांत तिरपी धरून आत दाबा. सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे, मगच खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या चिमट्या टक् असा आवाज करून बसतात. एकच बसली असेल तर पट्टी आत पूर्ण गेलेली नाही, काढून पुन्हा घाला.

बॅटरी जोडून चालू केलं की पडदा काळाच राहू शकतो, तीस सेकंद, कधी मिनिटभरही. नव्या रॅमची ओळख बायोस करून घेत असतो. इथे घाबरून बटण दाबून बंद करू नका. दोन मिनिटांनंतरही काळा असेल, तर दहातल्या नऊ वेळा पट्टी नीट बसलेली नसते. डेलच्या बऱ्याच मॉडेलांवर बॅटरीचा दिवा दोनदा पिवळा आणि तीनदा पांढरा लागला तर रॅम सापडतच नाही, दोन आणि चार म्हणजे रॅम खराब, दोन आणि पाच म्हणजे न चालणारी रॅम. इतर कंपन्यांत कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतो किंवा बीप येतात. नवी पट्टी एकटीच घालून बघा, मग जुनी एकटी, मग जागांची अदलाबदल. याने दोष पट्टीचा की स्लॉटचा ते कळतं.

विंडोज सुरू झाली की टास्क मॅनेजरमध्ये एकूण आकडा बघा. १२ टाकून ९.९ दिसत असेल तर 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' किती ते पाहा. रायझनच्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्ससाठी २ जीबी बाजूला काढलेली असणं नेहमीचं आहे, तो दोष नव्हे. तसं कारण नसताना आकडा कमी असेल तर विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगमध्ये बूटच्या प्रगत पर्यायांत 'मॅक्सिमम मेमरी' ला कोणी खूण करून ठेवली आहे का बघा. पेजफाइल बंद करू नका, रॅम वाढली तरी ती विंडोजच्या हाती राहू द्या.

त्या रात्री मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून लावून ठेवा. मोफत आवृत्ती चार फेऱ्या करते, १२ जीबीला काही तास लागतात. एकही चूक आली तर पट्टी परत करायची. एक-दोन चुकांनी काय होतं असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, त्या एका चुकीच्या जागी उद्या टॅलीचा डेटा बसणार आहे. नंतर कधी निळ्या पडद्यावर 'मेमरी मॅनेजमेंट' असं येऊ लागलं तरी पहिली तपासणी हीच.

भाव आणि बिल

भावाचा आकडा इथे देत नाही, कारण तो आज लिहावा आणि उद्या खोटा ठरावा अशी अवस्था आहे. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव जगभर चढले. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी एआयच्या सर्व्हरना लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळवले आणि जुनी डीडीआर४ मागे पडली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. आजवर व्हॅल्यूरॅमच्या तोडीस तोड तीच पट्टी होती. त्यामुळे नवी पेठेतल्या दोन-तीन दुकानांत आणि ऑनलाइन, त्याच दिवशी भाव विचारा. दुकानात थोडे जास्त पडले तरी बसवून, चालू करून दाखवून, नाही जमली तर जागीच बदलून मिळते.

नवी परवडत नसेल तर लॅपटॉपमधून काढलेली जुनी सॅमसंग किंवा एसके हायनिक्सची पट्टी घ्यायला हरकत नाही. रॅम झिजत नाही. निदान पंधरा दिवसांची बदलून देण्याची हमी कागदावर घ्या आणि मेमटेस्ट पहिल्याच रात्री लावा. नाव कधी न ऐकलेल्या कंपनीची नवी पट्टी मात्र, कितीही स्वस्त असली तरी, नको.

व्हॅल्यूरॅमवर किंग्स्टनची वॉरंटी आयुष्यभराची आहे, म्हणजे मूळ ग्राहकाकडे ती पट्टी असेपर्यंत. ती मिळवायची तर बिलावर 'रॅम ८ जीबी, १ नग' एवढंच चालत नाही. पूर्ण पार्ट नंबर आणि पट्टीवरचा सीरियल नंबर लिहून घ्या, आणि पट्टीवरचं लेबल उष्णता अडते म्हणून कोणी सोलू पाहिलं तर सोलू देऊ नका. थर्मल कागदावरचं बिल सोलापूरच्या उन्हाळ्यात दोन वर्षांत कोरं पडतं, त्याचा फोटो काढून ठेवा. जागा कमी म्हणून ४ ची पट्टी काढून ८ ची घातली असेल तर ती जुनी ४ ची दुकानात सोडून येऊ नका. नवी पट्टी वॉरंटीत गेली तर ती परत येईपर्यंत ऑफिस त्याच पट्टीवर चालवावं लागेल.